लंडनच्या गर्दीतला व्हिक्टोरियन पब: कधी जायचं, काय बघायचं, कसं मागायचं

कॉव्हेंट गार्डनला किंवा ऑक्सफर्ड सर्कसला संध्याकाळी सहाला एखाद्या जुन्या पबचं दार ढकललं, की आत फक्त पाठी दिसतात. कोरीव काच, महोगनीचं काउंटर, नक्षीचं छत, सगळं त्या पाठींच्या पलीकडे. नेटाने आत शिरून खुर्ची पटकावलीच, तर पुढची चूक तयार असते: वेटर येईल म्हणून बसून राहणं. तो येत नाही. परमिट रूममध्ये बसल्या जागी चखणा आणि बिल येतं, त्या सवयीपायी इथे वीस मिनिटं फुकट जातात. घड्याळ आणि काउंटर या दोन गोष्टी सांभाळल्या, तर हाच पब अर्ध्या तासात नीट बघून होतो आणि खिशालाही फार चाट बसत नाही.

कोणता पब निवडायचा

'ट्रॅडिशनल पब' ही पाटी लंडनमध्ये कुणीही लावतं. जुन्या पबची ओळख पटवायला आधी बाहेर उभं राहून दारं मोजा. एवढ्याशा दर्शनी भागाला तीन-चार दारं असतील, तर आत पूर्वी तितके वेगवेगळे कप्पे होते. काही ठिकाणी दाराच्या काचेवर 'सलून बार', 'प्रायव्हेट बार' अशी अक्षरं अजून कोरलेली सापडतात. दारातली जमीन मोझेइकची आणि भिंत टाइल्सची असेल, तर बहुधा माल अस्सल. शंका राहिलीच, तर इंग्लंडच्या वारसा इमारतींची यादी ऑनलाइन खुली आहे. तिथे पबचं नाव घातलं की इमारतीचा काळ आणि दर्जा कळतो.

पर्यटक एरवीही ज्या भागात फिरतात तिथले हे पाच:

होबर्न स्टेशनपासून थोड्याच अंतरावर 'प्रिन्सेस लुईस' आहे. नकाशावर स्टेशनचं स्पेलिंग वाचून 'होल्बॉर्न' म्हणाल, तर रस्ता सांगणारा गोंधळेल. इमारत १८७२ ची, आतली सजावट १८९१ ची. एकाच दिवसाची सवड असेल तर बाकीचे सोडून इथे जा. काउंटरभोवतीचे लाकूड-काचेचे कप्पे मधल्या काळात गेले होते, ते २००७-०८ च्या दुरुस्तीत पुन्हा उभे केले. शंभर वर्षांपूर्वी लोक पबमध्ये कसे बसत, हे कुणी न सांगता कळतं. पुरुषांच्या मुताऱ्यासुद्धा संगमरवरी आणि प्रसिद्ध.

ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनमधून बाहेर पडल्या पडल्या 'अर्गाइल आर्म्स' लागतो. बांधणी १८६८, सजावट १८९५ च्या सुमाराची. दर्शनी बाजूला कोरीव काचेचे छोटे कप्पे आणि मागच्या खोलीकडे जाणारा आरशांचा बोळ. सेंट मार्टिन्स लेनवरचा 'सॉल्सबरी' १८९० च्या दशकाअखेरचा. तिथले ब्राँझच्या ललनांनी हातात धरलेले दिवे बघायचेच. काचांवर दोन 'एस' गुंफलेले दिसतात, कारण पूर्वी त्याचं नाव 'सॉल्सबरी स्टोअर्स' होतं. सोहोतला 'डॉग अँड डक' १८९७ चा. जागा टीचभर, पण टाइल्स उत्तम. ब्रिटिश म्युझियमच्या दारासमोर 'म्युझियम टॅव्हर्न'.

हे बहुतेक पब असे भपकेबाज का, याचं उत्तर पैशात आहे. मुंबईचं व्हीटी ज्या दशकात बांधून झालं, त्याच्या पुढच्या दशकात लंडनमध्ये पब विकत घेण्याचा सट्टा तेजीत आला. बिअरच्या कंपन्या आणि दलाल कर्ज काढून पब घेत, आरसे-काच-टाइल्सनी मढवत आणि चढ्या भावाने पुढे विकत. १८९९ च्या आसपास तो फुगा फुटला. सजावट तेवढी मागे राहिली.

वेळ

पर्यटन भागातल्या पबची गर्दी दिवसभर सारखी नसते. ती लाटांनी येते, आणि ती लाट आजूबाजूची दुसरी कुठली तरी इमारत ठरवते.

सॉल्सबरी नाटकगृहांच्या रांगेत आहे. संध्याकाळचे प्रयोग बहुधा साडेसातला सुरू होतात. सहा ते सव्वासात या वेळात तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि साडेसातला दहा मिनिटं असताना जादू झाल्यासारखा पब निम्मा रिकामा होतो. म्हणजे साडेसातला आत शिरा. दहाच्या सुमारास प्रयोग सुटले की दुसरी लाट येते, त्याआधी निघा. अर्गाइल आर्म्ससमोर पॅलेडियम नाट्यगृह आहे, तिथेही हाच हिशोब, वर ऑफिस सुटल्याची गर्दी. म्युझियम टॅव्हर्नचं घड्याळ म्युझियमकडे: म्युझियम पाचला बंद होतं, शुक्रवारी साडेआठला. चारला गेलात तर खिडकीजवळची जागा मिळते, सव्वापाचला ती नसते.

यातलं काहीच जुळत नसेल, तर सोमवार ते बुधवार दुपारी तीन ते साडेचार. जेवणाची गर्दी ओसरलेली, ऑफिसं सुटायची आहेत, आणि काच बघायला हवा तो दिवसाचा उजेडही असतो. गुरुवारी-शुक्रवारी पाचनंतर जुना पब बघायला जाऊ नये. ऑफिसची मंडळी ग्लास घेऊन फुटपाथवर उभी असतात आणि आतल्या गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तर रोजच गुरुवार.

आत गेल्यावर आधी काय बघायचं

पहिली पाच मिनिटं ऑर्डर न देता फिरलात तरी कुणी हटकत नाही, मात्र दुपारची शांत वेळ हवी.

काचेपासून सुरुवात करा. खिडक्यांच्या खालच्या भागातली काच दुधी आणि वरची पारदर्शक, याला कारण आहे: रस्त्यावरून जाणाऱ्याला आत कोण बसलंय ते दिसू नये, पण उजेड मात्र यावा. नक्षी आम्लाने खाऊन काढलेली आहे. नक्षीतला जो भाग चकचकीत ठेवायचा त्यावर आम्ल न शिरणारा लेप लावत आणि उरलेला भाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने दुधी करत. बोट फिरवून बघा, दुधी भाग किंचित खरबरीत लागतो. छापील चिकटपट्टी लावलेल्या नकली काचेवर तिची कड नखाला लागते.

आरसे मात्र शोभेपुरते नव्हते. गॅसच्या दिव्यांचा उजेड कमी पडे, तो आरशांनी वाढवला. गल्ल्यावरच्या माणसाला वळून न बघता मागची मंडळीही दिसत. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या आरशांचा हा दुसरा उपयोग आपल्या चांगला परिचयाचा आहे.

मग वर बघा. छत गडद तपकिरी किंवा पिवळट असेल आणि त्यावर उठावाची नक्षी असेल, तर ती कोरलेली नसून बहुधा ठसे उमटवलेल्या जाड कागदाची किंवा लिंक्रुस्टाची, म्हणजे जवसाच्या तेलाच्या घट्ट लगद्यावर ठसे उमटवलेल्या आवरणाची, असते. लिंक्रुस्टा फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ मध्ये आणलं. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम हाही त्याचाच शोध. छताचा रंग मुळात तंबाखूच्या धुराचा. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आहे, तरी बऱ्याच पबवाल्यांनी तो तपकिरी रंग हौसेने जपलाय.

आणि कप्पे. एकाच काउंटरच्या वेगवेगळ्या बाजूंना मजूर, कारकून, व्यापारी आणि बायका वेगळे बसत. सलून बारमध्ये गालिचा असे आणि तिथे दोन पैसे जास्त मोजावे लागत, पब्लिक बारमध्ये नुसत्या फळ्या. पंगतभेदच म्हणा, फक्त लाकूड-काचेत बांधलेला. काही पबमध्ये काउंटरवर, डोक्याच्या उंचीला, फिरत्या छोट्या काचेच्या झडपा असत. त्यांना 'स्नॉब स्क्रीन' म्हणतात. झडप उघडून पेय घ्यायचं आणि मिटून टाकायची, म्हणजे काउंटरवरच्या माणसालाही गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही. अशा झडपा ब्लूम्सबरी भागातल्या 'द लॅम्ब' पबमध्ये अजून आहेत, ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाता येतं.

काउंटरवर

बहुतेकांचा घोळ होतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर.

१. टेबल आधी धरायचं असेल तर दोघांतला एक बसू दे, दुसरा काउंटरवर जाऊ दे. एकटे असाल तर कोट खुर्चीवर टाका. पाकीट, फोन किंवा पासपोर्टची पिशवी मात्र कधीच ठेवू नका. कॉव्हेंट गार्डन आणि सोहो हा खिसेकापूंचाही इलाका आहे. टेबलावर 'रिझर्व्ह्ड'ची चिठ्ठी असेल तर तिच्यावरची वेळ वाचा. सातचं बुकिंग असेल तर चारला तिथे बसायला हरकत नसते.

२. काउंटरला रांग नसते, पण क्रम असतो. सगळे आडवे पसरून उभे राहतात, तरी आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाच्या लक्षात असतं आणि काउंटरवरच्यांच्याही. हात हलवणं, नोट फडकवणं, 'एक्स्क्यूज मी' म्हणून हाक मारणं, चुटकी वाजवणं यातलं काहीही केलं की तुमचा नंबर हमखास मागे जातो. काउंटरच्या कडेला हात टेकून उभं राहायचं आणि नजरानजर झाली की मान हलवायची. चुकून तुम्हाला आधी विचारलं, तर शेजारच्याकडे बोट दाखवून 'ही वॉज बिफोर मी' म्हणा. पुढच्या वेळी तोच माणूस तुमच्यासाठी हे करतो. काही पबमध्ये हल्ली एकामागे एक अशी सरळ रांग लागते. ती लागलेली दिसली तर मुकाट्याने तिच्यात उभं राहायचं.

३. नंबर येण्याआधी काय हवं ते ठरवून ठेवा. तुमचा नंबर आल्यावर मागे वळून 'काय रे, तुला काय?' विचारणं हा इथला मोठा अपराध. चौघांचं एकदम सांगा आणि त्यात गिनेस, म्हणजे ती काळी आयरिश बिअर, असेल तर ती सर्वांत आधी सांगा. ती दोन टप्प्यांत भरतात, मध्ये फेस बसायला थांबावं लागतं आणि सगळे मिळून दोन मिनिटं जातात. शेवटी सांगितलीत, तर मागचे सगळे तुमच्या गिनेससाठी ताटकळतात.

४. पैसे लगेच द्यायचे. बिल शेवटी येत नाही.

वय विचारलं तर चिडू नका. दारू मिळण्याची वयोमर्यादा १८ आहे, पण पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या कुणालाही ओळखपत्र विचारायची पद्धत आहे. आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट लागतो.

काय मागायचं, किती मागायचं

बिअर पाइंटमध्ये मोजतात: ५६८ मिलिलिटर. भारतातल्या मोठ्या ६५० च्या बाटलीपेक्षा थोडी कमी, ३३० च्या बाटलीपेक्षा बरीच जास्त. अर्धा पाइंट, म्हणजे 'हाफ', मागण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि दिवसात तीन पब बघायचे असतील तर तोच शहाणपणा. चार टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटमध्ये साधारण सव्वादोन युनिट अल्कोहोल असतं (एक युनिट म्हणजे १० मिलि शुद्ध अल्कोहोल), तीन पाइंटचे पावणेसात होतात. व्हिस्की-जिनचं 'सिंगल' २५ किंवा ३५ मिलिचं. आपल्या ३० च्या 'स्मॉल'च्या अंदाजाने चाललात तर थोडं इकडेतिकडे होईल. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिलि. १२५ चा ग्लास ठेवणं पबला बंधनकारक आहे. तुम्ही आकार सांगितला नाहीत तर बहुधा मोठा पुढे येतो, म्हणून आकडा सांगा.

जुन्या पबमध्ये जाऊन थंडगार लागर प्यायला काहीच हरकत नाही, ती मुंबईतही मिळते इतकंच. इथे येऊन चाखायची ती 'कास्क एल'. काउंटरवर लाकडी किंवा चिनी मातीच्या मुठीचे उभे दांडे दिसतात, ते हँडपंप. बिअर तळघरात पिंपात असते, त्यात जिवंत यीस्ट असतं आणि ती पिंपातच शेवटपर्यंत आंबत राहते. वरून गॅसचा दाब दिलेला नसतो. पंपाचा दांडा ओढला की नुसत्या ओढीने बिअर नळीतून वर येते. दांड्याची एक पूर्ण ओढ बहुधा अर्ध्या पाइंटची, म्हणून पाइंट भरताना दोन लांब ओढी आणि वर एक छोटी दिसते. ती ११ ते १३ अंशांवर देतात. 'इंग्लिश बिअर कोमट असते' हा समज यातूनच आला. ती तळघराच्या थंडाव्याची असते, आणि त्याहून गार केली तर चव दबते.

निवड कशी करायची? साधं पिंप ४१ लिटरचं, ७२ पाइंटचं. उघडल्यावर तीनेक दिवसांत ते संपायला हवं, नाहीतर आत शिरलेली हवा बिअर आंबट करते. पर्यटकांच्या पबमध्ये सहा-सात पंप असतात आणि बरेचसे गिऱ्हाईक लागर पितात, त्यामुळे एखादं पिंप रेंगाळण्याचा धोका इथे जास्त. म्हणून 'विच वन इज मूव्हिंग फास्टेस्ट?' असा प्रश्न विचारा. चव बघायला घोटभर मागता येते, फुकट मिळते, पण दोनच मागा आणि गर्दीत मागू नका. पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे.

ग्लासात व्हिनेगरसारखा वास आला किंवा बिअर अगदीच निर्जीव लागली, तर एक-दोन घोटांतच परत न्या, शांतपणे 'आय थिंक धिस माइट बी ऑफ' म्हणा. बहुतेक ठिकाणी वाद न घालता बदलून देतात. अर्धी संपवून मग तक्रार केली तर चेहरे बदलतात. फेस बोटभर जाड असेल तर 'कुड यू टॉप इट अप?' म्हणायचाही हक्क आहे.

कडक शाकाहारी लोकांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. कास्क एलमधलं यीस्ट खाली बसावं आणि बिअर निवळ व्हावी म्हणून पिंपात पारंपरिक पद्धतीने आयसिंगग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. सगळ्या कंपन्या वापरत नाहीत, गिनेसने सोडलंय. चालत नसेल तर 'व्हीगन' लिहिलेली बिअर मागा.

न पिणाऱ्यांनी पबमध्ये संकोचायचं कारण नाही. लाइम अँड सोडा सगळीकडे मिळतं आणि स्वस्त असतं. पण तीन शब्द फसवतात. 'सायडर' हा सफरचंदाचा रस नव्हे, ती बिअरइतकी किंवा जास्तच कडक दारू असते. 'लेमोनेड' म्हणजे लिंबू सरबत नव्हे, गोड फसफसतं सोडापेय. आणि 'शँडी'त अर्धी बिअर असते. साधं नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तसा परवान्याचाच नियम आहे.

पैसे

वेस्ट एंडमध्ये, म्हणजे नाटकगृहांच्या आणि खरेदीच्या या मध्यवर्ती भागात, पाइंटला सहा ते आठ पाउंड धरून चला. काही पब रोकड घेतच नाहीत, त्यामुळे कार्ड जवळ हवंच. भारतीय कार्ड लावलं की मशीन कधीकधी विचारतं: पाउंडात देणार की रुपयांत? पाउंड निवडा. रुपये निवडले तर मशीनवाल्याचा विनिमय दर लागतो आणि तो बहुधा बँकेपेक्षा महाग पडतो. परदेशी कार्डाला मध्येच पिन विचारतात, तो पाठ असू द्या.

मित्रांमध्ये काँट्री काढून प्रत्येकाने वेगळं घ्यायची पद्धत इथे रुजलेली नाही. एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढची फेरी दुसऱ्याची. याला 'राउंड' म्हणतात. इंग्रज सहकाऱ्यांबरोबर गेलात आणि चौघांनी आणलेलं पिऊन आपली फेरी यायच्या आत निघालात, तर ते कायम लक्षात राहतं. न पिणाऱ्याचा लाइम सोडाही फेरीत धरतात. घाई असेल तर पहिली फेरी आपणच द्यावी आणि मोकळं व्हावं.

काउंटरवर टीप देत नाहीत. फारच आपुलकीने वागले तर पैसे देताना 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणतात. टेबलावर जेवण आणून देत असतील तर बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच धरलंय का ते बघा, म्हणजे दुसऱ्यांदा दिलं जाणार नाही.

खाणं

टेबलावर कोरलेला किंवा चिकटवलेला आकडा लक्षात ठेवा, ऑर्डर देताना तोच विचारतात. स्वयंपाकघर पबच्या बरंच आधी, बहुधा नऊ-दहाला बंद होतं. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, दुपारचा आणि संपेपर्यंत. चारनंतर गेलात तर मेनूवर नाव असतं, ताटात काही नसतं.

मेनूवर 'व्ही' असेल तरी इथल्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. अंडं नको तर व्हीगन शोधा. चिप्स, म्हणजे इथे फ्रेंच फ्राइज, काही ठिकाणी गाईच्या चरबीत किंवा मासा तळलेल्याच तेलात तळतात, विचारून घ्या. रोस्टबरोबर येणारं यॉर्कशायर पुडिंग (गोड नव्हे, पिठाचा फुगीर पाव) हेही त्याच चरबीत भाजलेलं असू शकतं. 'स्कॉच एग' नुसत्या उकडलेल्या अंड्यासारखं वाटतं, पण त्यावरचं जाड आवरण डुकराच्या खिम्याचं असतं. गल्ल्यामागे वेफर्सच्या पाकिटांशेजारी लटकणारे 'पोर्क स्क्रॅचिंग्ज' म्हणजे डुकराची तळलेली कातडी, कुरकुरीत दिसते म्हणून घेतली जाते. 'वेल्श रॅरबिट' हा चीज-पाव, पण त्यात पडणाऱ्या वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असतो. निव्वळ चखणा हवा असेल तर खारे शेंगदाणे निर्धोक.

उरलेलं

मुलांना आत घेतात की नाही, आणि कितीपर्यंत बसू देतात, हे पबागणिक बदलतं. दारातच विचारा. स्वच्छतागृह हमखास तळघरात किंवा माडीवर असतं आणि जिना अरुंद. गुडघेदुखीवाल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हे आधीच बघा. फोटो दुपारी काढावेत, काउंटरवरच्यांना विचारून. प्रिन्सेस लुईस ज्या सॅम्युअल स्मिथ कंपनीचा आहे, तिने २०१९ मध्ये आपल्या पबमध्ये मोबाइल वापरायला मनाई केली. तिथे संगीत नाही, टीव्ही नाही, आणि बिअरही त्यांच्याच घरची. ओळखीच्या ब्रँडचं नाव घेऊन काही मागितलं तर मिळत नाही, 'बिटर' (तपकिरी, कडसर एल) किंवा 'लागर' असं मोघमच सांगायचं.

काउंटरवर घंटा वाजली की 'लास्ट ऑर्डर्स'. पूर्वी बहुतेक ठिकाणी अकराला विक्री थांबे, म्हणून ती त्याच्या थोडी आधी वाजे. २००५ पासून वेळ परवान्यागणिक ठरते, तरी बरेच जुने पब अजून अकराच्याच आसपास आवरतात. पहिल्या घंटेनंतर एकदा मागता येतं. दुसरी वाजली की फक्त हातातलं संपवायचं आणि तेही पंधरा-वीस मिनिटांत. काचेचा ग्लास घेऊन निघून जाता येत नाही. उरलीच थोडी तर राहू दे, रिकामे ग्लास उचलून काउंटरवर ठेवा. इथे 'चिअर्स' म्हणजे 'थँक यू'सुद्धा, निघताना तेवढं म्हटलं की पुरतं.